खेळण्यातले पैसे घेताय? आधी एकाची नाणी मोजा

खेळण्यातल्या पैशांचा कुठलाही संच हातात आला की पहिल्यांदा एकच गोष्ट मोजायची: त्यात एकाची नाणी किती आहेत. रंग, गल्ल्याचा आवाज, नोटांवरची चित्रं हे सगळं नंतर. नेहमीच्या पाकिटात प्रत्येक नाण्याचे दहा-दहा नग असतात. दहा एक, दहा दोन, दहा पाच, दहा दहा. दिसायला भरगच्च, आणि वर डब्यावर 'वय वर्षे ३ पासून पुढे' असं छापलेलं. ही वाटणी चार वर्षांच्या मुलाला पुरत नाही. ती का पुरत नाही हे एकदा लक्षात आलं की कुठला संच घ्यावा, कुठला फळीवर परत ठेवावा आणि घरच्या घरी काय बनवावं, हे ठरवायला फार वेळ लागत नाही.

इथे साधी नाणी-नोटांची पाकिटं, आवाज करणारे गल्ले, कार्ड-मशीनवाले संच आणि साठवायचे डबे अशा वस्तू बघितल्या आहेत. कंपन्यांची नावं घेतलेली नाहीत. गुण-दोष त्या त्या प्रकाराचे आहेत आणि डबा हातात घेऊन कुणालाही तपासता येतात.

दहा-दहा नाण्यांचं पाकीट कुठे अडतं

लहान मुलाला पैशाची ओळख करून देणारा सगळ्यात कामाचा खेळ अगदी साधा आहे. मधोमध सगळ्या नाण्यांची एक बँक मांडायची. फासा टाकायचा, जितके ठिपके तितकी एकाची नाणी बँकेतून उचलायची. आपल्याकडे पाच एक जमले की ते बँकेत देऊन पाचाचं एक नाणं घ्यायचं. पाचाची दोन झाली की ती देऊन दहाची नोट. जो आधी वीसपर्यंत पोचेल त्याचा डाव. दुकान नाही, भाजी नाही, गिऱ्हाईक नाही, तरी पाच एक म्हणजे एक पाच ही गोष्ट या खेळात एका डावात चार-पाच वेळा हातून घडते.

आता नाण्यांचा हिशेब करू. अदलाबदल झाल्यावर एका खेळाडूकडे जास्तीत जास्त चार एक उरतात. त्यात फाशावर सहा पडले तर त्याच्या हातात एका क्षणी दहा एक येतात. समोरच्याकडे तेव्हा चार असू शकतात. म्हणजे दोघांच्या खेळाला चौदा एक लागतात, तिघांना अठरा. पाकिटात असतात दहा. ऐन भरात आलेला डाव 'बँकेत नाणी संपली' म्हणून थांबतो आणि मोठं माणूस म्हणतं, "असू दे, दोनाचं घे." इथेच गाडी रुळावरून उतरते. मूल नुकतं एक-एक नाणं मोजायला शिकलेलं असतं आणि आपण त्याच्या हातात एक असं नाणं देतो जे दिसतं एक पण मोजायचं दोन. फाशावर फक्त एक ते तीन ठिपके ठेवले तरी दोघांना अकरा लागतात. तिथेही एक कमीच.

दुकान-दुकान खेळतानाही अडचण तीच. वस्तूंच्या किमती नऊपर्यंत आणि गिऱ्हाईक प्रत्येक वेळी दहाची नोट देणार असं धरा. एकापासून नऊपर्यंत कुठलीही रक्कम परत करायला दुकानदाराकडे एक पाच आणि चार एक असले म्हणजे झालं. पाच गिऱ्हाइकं ओळीने आली तर गल्ल्यात पाचाची पाच आणि एकाची वीस नाणी हवीत. इथेही पाकिटातले दहा एक अपुरेच.

गंमत अशी की दोनाचं नाणं नीट कळणाऱ्या सात वर्षांच्या मुलासाठी हेच पाकीट बरोबर बसतं. दोनाची नाणी चालत असतील तर एका नोटेमागे लागतं पाचाचं एक, दोनाची दोन आणि एकाचं एक नाणं. पाच गिऱ्हाइकांना पाचाची पाच, दोनाची दहा, एकाची पाच. दहा-दहाच्या पाकिटात हे सगळं आहे. म्हणजे संच वाईट नाही, डब्यावरचं वय चुकीचं आहे.

चार-पाच वर्षांच्या मुलासाठी योग्य वाटणी अशी: एकाची वीस नाणी, पाचाची सहा, दहाच्या आठ नोटा. दोनाचं एकही नाही. सारखी दोन पाकिटं आणून दोन्हींमधले एक आणि पाच काढले आणि दहाच्या नोटा घेतल्या तर हा संच जमतो. उरलेली दोनाची आणि दहाची नाणी, शिवाय पन्नास, शंभर, पाचशेच्या नोटा पिशवीत बांधून वर ठेवायच्या. पाचशेच्या नोटा हातात आल्या की मूल त्या मोजत नाही, वाटत सुटतं. त्या आकड्याला त्याच्या लेखी अजून काही अर्थ नसतो.

पाचाचं नाणं 'पाच' दिसत नाही

पैसा शिकवणं मणी किंवा ठोकळे शिकवण्यापेक्षा अवघड का, हे एका तुलनेतून कळतं. मारिया माँटेसरींनी 1907 मध्ये रोममध्ये आपलं पहिलं बालगृह सुरू केलं. त्यांच्या पद्धतीतल्या सोनेरी मण्यांच्या साहित्यात एकक म्हणजे एक मणी, दशक म्हणजे दहा मणी ओवलेली तार, शतक म्हणजे अशा दहा तारांचा चौरस. दशक हातात घेतलं की दहा मणी डोळ्यांना दिसतात, बोटांना लागतात. नाण्यात ही सोय नाही. पाचाच्या नाण्यात पाच एक दडलेले आहेत हे कुठेही दिसत नाही, ते मानून घ्यावं लागतं. म्हणूनच मुलाला पाचाच्या एका नाण्याऐवजी तीन एक दिले तर ते खुशीने घेतं. ते वेडगळ नाही. त्याला तीन वस्तू मिळाल्या, एक गेली.

संचाबरोबर ही दरी बुजवणारं काही येतं का, ते बघा. बहुतेकांत येत नाही. पण घरी पंधरा मिनिटांत बनवता येतं. जाड पुठ्ठ्याची पंधरा सेंटिमीटर लांब, चार सेंटिमीटर रुंद पट्टी कापायची. तिच्यावर एका ओळीत पाच गोल काढायचे, प्रत्येक गोल नाण्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटर मोठा. अडीच सेंटिमीटरचा गोल आणि मध्ये अर्धा सेंटिमीटर जागा ठेवली तर पाच गोल पट्टीत नेमके बसतात. पट्टीच्या मागच्या बाजूला एकच मोठा ५. अशा चार पट्ट्या हव्यात.

खेळताना मूल एकेक नाणं गोलावर ठेवतं. चार भरले, एक रिकामा. त्या रिकाम्या गोलाकडे बघून ते स्वतःच म्हणतं, "अजून एक." पाचवं नाणं बसलं की पट्टी उचलायची, पाचही नाणी बँकेत ओतायची, पट्टी उलटी करायची आणि त्या ५ वर पाचाचं नाणं ठेवायचं. पट्टी तीच, जागा तीच, वरचं बदललं. मोजायची गरजही पडत नाही, कारण गोल भरले की नाही हे डोळ्यांनाच दिसतं.

बनवताना दोन चुका होतात. गोल फार मोठे काढले तर मूल एका गोलात दोन नाणी बसवतं आणि सात नाण्यांची पट्टी तयार होते. दुसरी चूक म्हणजे दहा गोलांची पट्टी आधी देणं. दहाचा पल्ला या वयाला लांब पडतो. पाच भरेपर्यंत लक्ष टिकतं आणि पाच बोटं हाताशीच असतात. दहाची पट्टी नंतर, पाच-पाचच्या दोन ओळींची.

पट्टीचा आणखी एक उपयोग आहे. चार-पाच वर्षांच्या मुलासमोर सारख्याच संख्येच्या नाण्यांच्या दोन ओळी लावा आणि एक ओळ पसरवून लांब करा, ते लांब ओळीत जास्त नाणी आहेत म्हणतं. मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांचा हा प्रयोग प्रसिद्ध आहे. दुकान-दुकानात याचाच त्रास होतो. टेबलावर विखुरलेली सहा नाणी मुलाला 'खूप' वाटतात आणि चळत लावलेली आठ 'थोडी'. म्हणून सुरुवातीला चळत लावायचीच नाही. पैसे देताना आणि घेताना नाणी पट्टीवर, नोट पट्टीशेजारी. मोजमापाची जागा ठरलेली असली की वाद मिटतो.

नाण्यांची घडण

प्लॅस्टिकची नाणी हलकी असतात, हा त्यांचा मोठा तोटा. बोटाने सरकवली की दोन-तीन एकदम सरकतात, चळत टिकत नाही, आणि गल्ल्यात टाकल्यावर आवाज येत नाही. आवाज महत्त्वाचा आहे. मूल मोजताना तोंडाने आकडा म्हणतं, हाताने नाणं टाकतं आणि कानाने 'टण्' ऐकतं. तिन्ही एका तालात आले की एक नाणं दोनदा मोजण्याची किंवा एक सोडून देण्याची चूक कमी होते. लाकडी चकत्या यात बऱ्या पडतात. धातूची उत्तम, पण त्यांच्या कडा हाताने चाचपून बघा. स्वस्त संचात कडेला कापाची धार राहिलेली असते.

आकडा दोन्ही बाजूंना हवा. एका बाजूला चित्र आणि दुसऱ्या बाजूला आकडा असं खरं नाणं असतं, म्हणून खेळण्यातलंही तसंच करतात. मग निम्मा वेळ नाणी उलटण्यात जातो. आकडा नाण्याच्या निम्म्या उंचीचा तरी असावा. सगळी नाणी एकाच आकाराची आणि फक्त रंगाने वेगळी असतील तर तो संच नको. मूल 'लाल' आणि 'निळा' शिकतं, पाच आणि दहा शिकत नाही. रंगांधळ्या मुलाला तर काही रंगांमधला फरकही कळत नाही.

नाणं जितकं मोठं तितकी किंमत जास्त, असं काही संचांत मुद्दाम केलेलं असतं. पहिल्या महिन्यात ते सोपं जातं, पुढे अडतं. कारण खरी नाणी हा नियम पाळत नाहीत. अमेरिकेचं दहा सेंटचं नाणं 17.91 मिलिमीटर व्यासाचं आहे आणि पाच सेंटचं 21.21 मिलिमीटर. लहान नाण्याची किंमत दुप्पट. शिवाय त्या दहा सेंटच्या नाण्यावर आकडा छापलेलाच नाही, फक्त 'वन डाइम' ही अक्षरं आहेत. नाणी नेमकी अशा ठिकाणी चकवतात, तेव्हा मुलाची नजर आकाराकडे नाही, आकड्याकडे जायला हवी. म्हणून पाचाचं नाणं एकाच्या नाण्यापेक्षा थोडंसंच वेगळं असलेला संच चांगला.

मग खरी नाणीच का नकोत? पाच वर्षांच्या पुढे, आणि घरात त्याहून लहान मूल नसेल, तर खरी नाणीच सगळ्यात चांगला संच आहेत. वजन, कडेचा काठ, आवाज सगळं बरोबर, आणि बाहेर तेच नाणं दिसलं की मूल ओळखतं. खेळायला देण्याआधी कोमट पाण्यात साबणाने धुवून पुसून कोरडी करायची. एकाची वीसही नाणी एकाच घडणीची निवडायची. जुन्या-नव्या घडणीची नाणी चलनात बरोबरच फिरतात आणि सुरुवातीला त्यांची सरमिसळ झाली की मूल 'हे एकाचं नाही' म्हणून अडून बसतं. महिन्याभराने मुद्दाम दोन वेगळ्या घडणीची नाणी मिसळा, तेव्हा तोच चांगला सराव होतो.

नोटा मात्र खेळण्यातल्याच. कागद गुळगुळीत आणि पातळ असेल तर नोटा एकमेकींना चिकटतात, मूल एक म्हणून तीन देतं. बोटाने वाकवल्यावर कडक राहणारा, चित्रकलेच्या वहीसारखा कागद हवा. घरी करायच्या तर कोऱ्या कागदावर आकडा मोठा लिहून, पाचाच्या दोन पट्ट्यांइतके ठिपके काढून करा. खऱ्या नोटेची रंगीत प्रत काढू नका. बऱ्याच देशांत त्यावर कायदेशीर बंधनं आहेत. उदाहरणार्थ, अमेरिकेत नोटेचं रंगीत चित्र मूळ आकाराच्या 75 टक्क्यांहून लहान किंवा 150 टक्क्यांहून मोठं आणि एकाच बाजूला छापलेलं असावं लागतं. खेळण्यातली नोट दिसायला खरी असून काही फायदाही नाही. तिच्यावरचा आकडा लांबून वाचता आला पाहिजे, एवढंच.

गल्ला

बटणं दाबली की बेरीज करणारा, 'टिंग' करून खण बाहेर फेकणारा गल्ला मुलांना हमखास आवडतो. पैशाच्या ओळखीसाठी तो फारसा उपयोगी नाही. बेरीज गल्ला करतो, किंमत पडद्यावर येते, आणि मुलाच्या वाट्याला बटण दाबणं उरतं. पाच मिनिटांत नाणी बाजूला पडतात आणि बटणांचा खेळ सुरू होतो. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला, ज्याला बेरीज येते, त्याला उत्तर ताडून बघायला तो कामाला येतो. त्याआधी बॅटऱ्या न घालता वापरावा.

आणि बॅटरीशिवाय खण उघडतो का, हीच दुकानातली पहिली चाचणी. काही गल्ल्यांत तो उघडतच नाही. असा गल्ला घेऊ नका. दुसरी चाचणी नाण्यांच्या कप्प्यांची. कप्पा खोल आणि चौकोनी असेल तर तळाशी आडवं पडलेलं नाणं लहान बोटांना उचलता येत नाही. मूल खण उपडा करतं आणि सगळी नाणी जमिनीवर. तळ वाटीसारखा गोल हवा, म्हणजे नाणं कडेने वर सरकवता येतं. तिसरी, खणाला मागे अडणी आहे का. नसेल तर जोरात ओढलेला खण थेट मांडीवर येतो. स्प्रिंग फार कडक असेल तर खण उघडताना नाणी उडतात. स्प्रिंगच्या एक-दोन कड्या कमी करण्याच्या भानगडीत न पडता खणाच्या मागे फोमचा तुकडा चिकटवा, झटका कमी होतो.

खरं तर अंड्यांच्या पुठ्ठ्याचा सहा खळग्यांचा तुकडा गल्ल्याचं काम जास्त चांगलं करतो. खळगे गोल, उथळ, आणि प्रत्येकात काय आहे ते वरून दिसतं. अंडी ठेवलेला पुठ्ठा धुता येत नाही, त्यामुळे धुता येणारा प्लॅस्टिकचा घ्या. डावीकडून एक, मग पाच, शेवटी नोटांसाठी शेजारी चिमटा. क्रम रोज तोच ठेवा.

कार्ड आणि स्कॅनर असलेले संच आता सगळीकडे दिसतात. स्कॅनर बहुधा कुठल्याही वस्तूवर सारखाच 'बीप' करतो, त्याच्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. कार्डाचं मात्र गंभीरपणे घ्यायला हवं. कार्ड घासलं, वस्तू मिळाली, कार्ड परत खिशात. कुठेच काही कमी झालं नाही. मुलाने काढलेला निष्कर्ष तर्काला धरून असतो: कार्ड असलं की संपत नाही. मोठी माणसं घरात कार्डानेच पैसे देत असतील तर हा खेळ टाळूनही उपयोग नाही. तेव्हा कार्डाला एक पारदर्शक डबा जोडा. कार्डाच्या मालकाच्या डब्यात वीस एक ठेवायचे. कार्ड घासलं की दुकानदार त्या डब्यातून किमतीइतकी नाणी मोजून आपल्या गल्ल्यात टाकतो. डबा रिकामा असेल तर कार्ड चालणार नाही. दोन-तीन डावांत मूल कार्ड घासायच्या आधी डब्याकडे बघायला लागतं.

सुट्टे परत देणं

दुकान मांडताना वस्तू सहा ते आठच. त्याहून जास्त असल्या की मांडामांडीतच वेळ जातो. किमतीच्या चिठ्ठ्यांवर आकडा आणि खाली तितके ठिपके. पहिले काही दिवस प्रत्येक वस्तू एकाला, मग एक ते पाच, आणि पाचाचं नाणं पक्कं झाल्यावर नऊपर्यंत. वयापेक्षा एक खूण बघा: दहा वस्तू एकही न सोडता, दोनदा न मोजता मोजता येतात का. येत असतील तर पुढे जा.

सुट्टे परत देणं हा वेगळा टप्पा आहे आणि तो सगळ्यात अवघड. मुलाच्या नजरेने बघा. गिऱ्हाइकाने दहाची एक नोट दिली, त्याला सहाची वस्तू मिळाली, वर चार नाणीही मिळाली. हा सौदा दुकानदाराला परवडणारा कसा? "काकू, तुम्ही एकच दिलं, मी एवढे का देऊ?" हा प्रश्न मुलाने विचारला तर तो टाळू नका, तो अगदी बरोबर आहे. दहाची नोट दहाच्या पट्टीशेजारी ठेवा, नोटेऐवजी पट्टीवर दहा एक लावा, त्यातले सहा वस्तूचे म्हणून दुकानदाराकडे सरकवा. उरलेले चार कुणाचे, हे मग सांगावं लागत नाही. हे पाच-सहा वेळा झाल्याशिवाय सुट्ट्यांचा खेळ सुरू करूच नका.

नंतरची पद्धत वजाबाकीची नाही, पुढे मोजत जायची. वस्तू सहाची, नोट दहाची. दुकानदार वस्तू समोर ठेवून म्हणतो, "हे सहा." मग गिऱ्हाइकाच्या तळहातावर एकेक नाणं ठेवत, "सात, आठ, नऊ, दहा. झाले दहा, काकू." इथे एकच चूक पुन्हा पुन्हा होते: मूल पहिलं नाणं ठेवताना 'सहा' म्हणतं आणि चाराऐवजी पाच नाणी परत देतं. उपाय हाताचा आहे. 'सहा' म्हणताना दुकानदाराचा हात वस्तूवरच हवा आणि मूठ बंद. वस्तूवरून हात उचलल्यावरच गल्ल्याकडे जायचं. तीनाच्या वस्तूला "तीन... चार, पाच" असे दोन एक आणि मग पाचाचं नाणं ठेवत "दहा". पाचावर थांबून उडी मारायची ही युक्ती पट्टीवर खेळलेल्या मुलाला पटकन साधते, न खेळलेल्याला फार जड जाते.

साठवायचे डबे

चिनीमातीचा बंद गल्ला, जो फोडल्याशिवाय उघडत नाही, तो लहान मुलासाठी नको. आत गेलेलं नाणं दिसत नाही, मोजता येत नाही, आणि फोडायचा दिवस मुलासाठी दुःखाचा होतो. रुंद तोंडाचा, पारदर्शक, फिरकीच्या झाकणाचा डबा घ्या. झाकणाला साधारण पस्तीस मिलिमीटर लांब, चार मिलिमीटर रुंद फट. फट याहून रुंद केली तर उपडा धरल्यावर नाणी गळतात. प्लॅस्टिकच्या झाकणात फट कापल्यावर कडा सँडपेपरने घासा.

डब्यावर रेघ मारून 'इथपर्यंत भरला की ती वस्तू घ्यायची' असं बरेच जण करतात. यात एक खोच आहे. पाच एक देऊन पाचाचं नाणं डब्यात टाकलं की पैसे तितकेच राहतात, पण डब्यातली पातळी खाली जाते. मुलाला आपले पैसे कमी झाले असंच वाटतं आणि रडारड होते. म्हणून साठवणीच्या डब्यात अदलाबदल करायची नाही, फक्त एकाची नाणी. रेघेऐवजी डब्याशेजारी वीस चौकटींची कागदी शिडी लावा आणि नाणं टाकलं की एक चौकट रंगवा. पाचाचं नाणं आलंच तर पाच चौकटी. पहिलं लक्ष्य दहा-पंधरा चौकटींचं असावं. लहान मुलाला दोन आठवड्यांपलीकडची वाट बघणं म्हणजे कधीच नाही.

झाकणावर आकडा दाखवणारे इलेक्ट्रॉनिक डबे घेऊ नका. ते बहुधा नाण्याच्या व्यासावरून किंमत ओळखतात, त्यामुळे ज्या देशाच्या नाण्यांसाठी बनवले तेवढीच चालतात. खेळण्यातली नाणी चुकीची मोजली जातात आणि नाणं हळू सरकवलं तरी गडबड होते. शिवाय मोजण्याचं काम मुलाचं होतं, ते पुन्हा यंत्राकडे गेलं.

डब्यावर छापलेलं वय आणि गिळण्याचा धोका

तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी लहान भागांची चाचणी एका दंडगोलात घेतात. त्याचा आतला व्यास 31.7 मिलिमीटर, तळ तिरका, खोली 25.4 ते 57.1 मिलिमीटर. जी वस्तू त्यात पूर्ण मावते ती गिळण्याजोगी धरतात. रोजच्या वापरातली नाणी, खरी असोत की खेळण्यातली, बहुतेक सगळी त्यात आरामात मावतात. तेव्हा तीन वर्षांखाली नाणी नाहीत, आणि घरात धाकटं भावंड असेल तर खेळ टेबलावर, जमिनीवर नाही. त्या वयाला पाच सेंटिमीटरच्या लाकडी चकत्या द्या, घेणं-देणं त्यांनीही होतं.

गल्ल्यात बटण सेल (चपटी, गोल बॅटरी) असेल तर त्याच्या झाकणाला स्क्रू असलाच पाहिजे. हा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. तो गिळल्याची नुसती शंका आली तरी ताबडतोब रुग्णालयात न्यायचं. नाणं गिळलं असेल आणि मूल ठीक दिसत असेल तरीही डॉक्टरांना दाखवा. उलटी करवू नका. लाळ गळणं, गिळता न येणं किंवा छातीत दुखणं दिसलं तर वाट बघू नका. एक्स-रेत सेल आणि नाणं सारखेच गोल दिसू शकतात, त्यामुळे मुलाने नेमकं काय गिळलं असेल ते डॉक्टरांना सांगा, आणि त्याच गल्ल्यातला दुसरा सेल किंवा तसंच नाणं बरोबर न्या.

काय घ्यावं

तीन-चार वर्षांसाठी: एकाच आकाराच्या मोठ्या लाकडी चकत्या वीस, बाकी काही नाही. चार ते सहा: दोन्ही बाजूंना आकडा असलेल्या नाण्यांची दोन साधी पाकिटं, त्यातून वर सांगितलेली वाटणी, आणि घरच्या चार पट्ट्या. सहा-सातच्या पुढे दोनाची नाणी आणि बांधून ठेवलेल्या मोठ्या नोटा बाहेर काढा. इथे दहा-दहाचं एक पाकीट पुरतं. गल्ला घ्यायचाच तर बिनआवाजाचा, लाकडी, गोल कप्प्यांचा. कार्डाचा संच फक्त डबा जोडणार असाल तर.

खेळ संपल्यावर नाणी डब्यात ओतून टाकायची नाहीत. वीस एक चार पट्ट्यांवर लावायचे, मगच डब्यात. एक गोल रिकामा राहिला तर मूल लगेच टेबलाखाली वाकतं, आणि नाणं बहुतेक वेळा खुर्चीच्या पायाशीच सापडतं.